बेसमेंटमधला फ्रान्स

सायकल या वस्तूवर माझा राग आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी समतोल वगैरे लिहीन अशी कुणी आशा ठेवायला नको. नातवंडं नवी सायकल घेऊन आली की मी "छान आहे" म्हणते आणि आत निघून जाते. त्यांना वाटतं आजीचे गुडघे दुखतात. दुखतातच, पण ते कारण नाही. सायकलवरच्या माणसानं पाय मारायचे थांबवले आणि मागचं चाक नुसतंच फिरत राहिलं की जो टकटक आवाज येतो, तो मला सहन होत नाही. आमच्या अमेरिकेतल्या, अ‍ॅशबर्नच्या घरात तो जमिनीखालून यायचा. मुलं मला विचारतात, हे सगळं इंग्लिशमध्ये का नाही लिहीत, आम्हाला वाचता येईल. पण ही गोष्ट इंग्लिशमध्ये घडलीच नाही, तर मी काय करू.

ते घर एका रांगेतलं, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या. मागे लहानसं लॉन, त्यापलीकडे पाइनच्या झाडांची एक ओळ, आणि तिच्याही पलीकडे खिडक्या नसलेल्या लांबच लांब इमारती. डेटा सेंटरं. जगातल्या सगळ्यांचे फोटो आणि ईमेल आमच्या घरामागे ठेवलेत असं बाबा सांगायचे, आणि ते स्वतःही त्यातल्याच एका इमारतीत नोकरीला होते. त्या इमारतींचा एक घूं असा आवाज चोवीस तास चालू असायचा, रिकाम्या पातेल्यात माशी अडकावी तसा. पुण्याहून आम्ही तिथे आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि पहिले काही दिवस मला त्या आवाजानं झोप आली नाही. आई नागपूरची, ती म्हणायची, "हे काय कूलर लावून ठेवलाय साऱ्या गावाला." बाबा म्हणायचे, ऐकू यायचं बंद झालं की समजायचं आपण इथले झालो. मला अजूनही ऐकू येतो, तिथून इतक्या लांब राहूनही. खाण्यावरून त्या दोघांचं रोज वाजायचं. बाबांना आमटीत गूळ हवा आणि आईला गूळ बघूनच राग यायचा, मग रविवारी ती मुद्दाम पाटवडीचा रस्सा करायची, बाबांच्या डोळ्यांतून पाणी काढायची आणि "कशी झालीय?" म्हणून विचारायची.

मिलिंदकाका दोन गल्ल्या सोडून राहायचे. बाबांचे कॉलेजपासूनचे दोस्त. त्यांच्या बायकोला, वैशालीकाकूला, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी दोन्ही घरांची होते. काकांशी मी इंग्लिशमध्ये बोलले तर ते ऐकू न आल्यासारखं करायचे, खिडकीबाहेर बघत बसायचे, मी मराठीत येईपर्यंत. दर शनिवारी सकाळी ते दोघे सायकली घेऊन निघायचे. आमच्याकडे जुनी रेल्वेलाइन उखडून तिथे सायकलचा लांब रस्ता केला होता, त्यावरून ते मैलोन् मैल जायचे. ती घट्ट, मागे गादी शिवलेली चड्डी घालून दोघे ड्राइव्हवेत उभे राहिले की आई म्हणायची, "निघाले डायपर घालून." परत आल्यावर पोह्यांवर तुटून पडायचे आणि बोलणं एकच, फ्रान्स. तिथे एक नदी आहे, संथ, तिच्या काठानं द्राक्षांचे मळे आणि हजार-हजार वर्षांची दगडी गावं. एका गावातून निघायचं, दुपारी दुसऱ्या गावात जेवायचं, तिसऱ्यात झोपायचं. दोघांनी कुठे कुठे मुक्काम करायचा तेही ठरवून ठेवलं होतं. काकू आणि आई या बेतात कुठेच नव्हत्या, आणि त्याचं त्यांना काही वाईट वाटत नव्हतं.

ऐनवेळी बाबांचं जाणं कॅन्सल झालं. आमच्यासारख्या घरांत याचं कारण सांगावं लागत नाही, पण आता माझी नातवंडं हे कधीतरी कुणाकडून वाचून घेतील म्हणून सांगते. बाबांचा पासपोर्टवरचा व्हिसा संपलेला होता आणि वाढवायचा अर्ज अडकलेला होता. इथे राहायला हरकत नव्हती, पण देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील याची खात्री नाही, असं वकिलानं सांगितलं. मिलिंदकाकांचं ग्रीन कार्ड झालेलं होतं. बाबा म्हणाले, "तू जा यार. मी पुढच्या वर्षी." काका म्हणाले, "पुढच्या वर्षी कशाला? तुला घेऊनच जातो." त्यांनी सायकलच्या हँडलवर एक छोटा कॅमेरा बसवला. सगळा रस्ता रेकॉर्ड करून आणतो, मग तू घरी बसल्या बसल्या चालव. आणि गेले.

ते परत आले नाहीत. एका लहानशा गावाच्या अलीकडे, चढण संपल्यावर एक दगडी पूल आहे, तिथे त्यांचं हृदय बंद पडलं. काकू तिकडे गेली, तिकडचं सगळं तिनंच उरकलं आणि अस्थी घेऊन आली. मागाहून सायकल खोक्यातून आली, कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीतून. काकूनं ती पिशवी उघडलीही नाही. बाबांच्या हातात देऊन म्हणाली, "हे तुमच्यासाठीच होतं ना भाऊजी."

बाबा रडले नाहीत. मला ते फार विचित्र वाटलं होतं. त्यांनी बेसमेंटमधली माझी खेळणी एका कोपऱ्यात सारली, आपली सायकल ट्रेनरवर चढवली. ट्रेनर म्हणजे लोखंडी घोडी, मागचं चाक तिच्यात अडकवलं की सायकल जागच्या जागी चालते. क्रिकेटच्या मॅचसाठी आणलेला प्रोजेक्टर त्यांनी समोरच्या पांढऱ्या भिंतीवर लावला आणि स्वतः बसून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. चाक फिरतंय तोवर चित्र चालणार, चाक थांबलं की चित्र थांबणार. ऑफिसातून आले की चहा घेऊन खाली. थोड्या वेळानं जिन्यातून चाकाचा आवाज वर यायचा, आणि आई कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरायची.

मी पहिल्यांदा खाली गेले ती अशीच, चार्जर शोधायला. भिंतीवर रस्ता धावत होता. उंच सरळ झाडांच्या दोन ओळी, उजवीकडे हिरवट नदी, समोर करड्या दगडांचं गाव. आणि त्या गावात माणूस नव्हता. खिडक्यांची निळी दारं बंद, चौकातला नळ वाहतोय, एका दुकानासमोर खुर्ची ठेवलेली, पण कुणी नाही. चार्जर राहिला आणि मी बघत बसले. गाव संपलं, दुसरं आलं, तेही तसंच. मग मिलिंदकाका बोलले. "कुत्रंसुद्धा नाही रे रव्या." मी ओरडलेच असते, पण बाबा मान न वळवता म्हणाले, "सगळे जेवायला गेले असतील." आणि काका म्हणाले, "असेल, असेल."

पुढे मी पुष्कळदा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून ऐकलं. काका सगळा वेळ बाबांशी बोलत होते, बोलतच सायकल चालवत होते. "चढ आलाय, गिअर खाली घे." थोडं थांबायचे. "दम लागला?" पुन्हा थांबायचे. त्या थांबण्यात बाबा म्हणायचे, "नाही, ठीक आहे." "लागणारच. पोहे कमी खात जा." काका बाबांना इतके ओळखून होते, की बाबा काय म्हणतील आणि त्याला किती वेळ लागेल तेवढी जागा सोडूनच ते बोलले होते. हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त दिसत होतं की माझे बाबा एका मेलेल्या माणसाशी गप्पा मारतायत आणि तो त्यांना उत्तरं देतोय. कॅमेऱ्यात काका स्वतः कधीच दिसायचे नाहीत. सकाळी ऊन पाठीमागे असलं की रस्त्यावर त्यांची लांबलचक सावली मात्र पडायची. मागे ड्रायरच्या खोलीतला बल्ब चालू असायचा, त्यामुळे बाबांची सावलीही भिंतीवर पडायची. दोघे शेजारी शेजारी चाललेले असायचे, एका चालीनं. एकदा ड्रायरच्या खोलीत जाऊन मी मुद्दाम तो बल्ब बंद केला. बाबांची सावली गेली. त्यांचे पाय जोरात फिरायला लागले, कुणीतरी पुढे निघून गेल्यासारखे. मी घाईघाईनं बल्ब पुन्हा लावला.

शेवटचा तुकडा त्या पुलाचा होता. बाबा चढण चढायचे, काकांचा श्वास मोठा मोठा होत जायचा, वळणावरून पूल दिसायला लागायचा आणि बाबा पाय थांबवायचे. चाक टकटक करत फिरून गप्प व्हायचं. भिंतीवर पूल गोठलेला, काकांचा श्वास मध्येच तुटलेला, आणि सीटवर बसून बाबा त्याच्याकडे बघत राहायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागच्या गावापासून सुरुवात. पण रोज ते थोडंसं पुढे जात होते. हे आधी आईच्या लक्षात आलं. ती कपडे वाळवायला खाली जायची, तिला भिंतीवरचा पूल रोज मोठा झालेला दिसायचा. कणीक मळता मळता एकदा ती मला म्हणाली, "सानू, मिलिंदभाऊजी बोलावतायत गं यांना." आई फार्मसीत काम करायची, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हे. म्हणून मला जास्त भीती वाटली. बाबा वाळत चालले होते. छातीत धडधडतं म्हणून ती त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली, तर ठोके अनियमित पडतायत, जरा दमानं घ्या, असं डॉक्टर म्हणाला. बाबांनी मान हलवली आणि घरी आल्यावर बूट घालून खाली गेले. आईनं एकदा प्रोजेक्टरची वायर लपवली. बाबांनी भांडण केलं नाही, नवीन आणली. भांडले असते तर बरं झालं असतं. आमच्या घरात भांडणं व्हायची तेव्हा सगळं ठीक असायचं.

तो रविवार होता. दुपारची जेवणं चालली होती, आम्ही तिघं टेबलाशी. बाहेर लख्ख ऊन, आईनं पाटवडीचा रस्सा केलेला, आणि बाबा खात होते, पण डोळ्यांतून पाणीही येत नव्हतं. आणि खाली चाक फिरायला लागलं. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्यासमोर बसलेले होते, हातात घास होता. आईनं डाव पातेल्यात तसाच धरून ठेवला. खालून काकांचा आवाज आला, "रव्या, डावीकडे बघ, किल्ला." मग ती गप्प जागा. बाबा समोर असल्यामुळे खाली त्या जागेत कुणीच काही बोललं नाही, आणि ते ऐकणं फार वाईट होतं. मग काका म्हणाले, "बघितलास ना?"

मोठी माणसं हलेनात म्हणून मी गेले. धीट वगैरे होते म्हणून नाही, तिथे बसवेना म्हणून. सायकलवर वैशालीकाकू होती. चपला खाली नीट जोडीनं काढलेल्या, ओढणी कमरेला खोचलेली, पाय जेमतेम पेडलला पोचत होते. चेहऱ्यावर भिंतीवरचा उजेड हलत होता. "सानू," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे बोलतायत गं." तिच्याकडे आमच्या गॅरेजचा कोड होता, पहिल्यापासून. आदल्या आठवड्यात ती लॉनवरून लाडवांचा डबा द्यायला येत होती, बेसमेंटच्या खिडकीतून तिला नवऱ्याचा आवाज ऐकू आला होता, आणि डबा घेऊन ती तशीच परत गेली होती. तिला वाटलं होतं कॅमेऱ्यात नुसता रस्ता असेल. आवाज आहे हे बाबांनी तिला सांगितलंच नव्हतं.

आई आणि बाबा जिन्यात येऊन उभे राहिले. काकूनं पाय थांबवले, गाव गोठलं. ती बाबांवर ओरडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "भाऊजी, पुढचं लावा."

"वैशाली, पुढे काही नाहीये."

"पुढे पूल आहे. मी बघून आलेय तो. पोलिसांनी एवढंच सांगितलं, एका बाईंनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. ती बाई केव्हा आली, हे एकटेच होते का, काही बोलले का, मला कुणी सांगू शकलं नाही. मी रोज झोपताना हेच विचारते. आणि ते सगळं तुमच्या घरात, माझ्यापासून दोन गल्ल्यांवर."

बाबा जिन्यावरच बसले. म्हणाले, "मी थांबलो की तो थांबतो. अजून पुलावर पोचलेला नाहीये तो. मी तिथवर नेलं, की संपलंच ना."

"म्हणून असं अर्ध्या श्वासात उभं करून ठेवायचं माणसाला?" काकू खाली उतरली. "मीच चालवलं असतं. पण त्या वळणाला माझे पाय थांबतील. तुम्ही चालवा. मी इथे बसते."

मी आईकडे बघितलं. ती नाही म्हणेल, प्रोजेक्टर उचलून आपटेल, असं मला वाटत होतं, आणि मला तेच हवं होतं. ती वर गेली. फ्रिज उघडल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या हातात दह्याची वाटी होती. माझ्या परीक्षेच्या सकाळी, कुणी एअरपोर्टला निघताना, आमच्यात हातावर दही देतात ना, तसं तिनं बाबांना म्हटलं, "हात पुढे करा." बाबांनी केला. तिनं चमच्यानं दही ठेवलं. बेसमेंटमध्ये, जागच्या जागी उभ्या असलेल्या सायकलवर बसायला निघालेल्या माणसाला. मी हसले नाही. बाबांनी ते चाटून खाल्लं, हात शर्टाला पुसला आणि सीटवर चढले. आई जिन्याच्या पायरीवर माझ्याजवळ बसली आणि तिनं माझं मनगट धरलं.

चढण सुरू झाली. काकांचा श्वास सगळ्या बेसमेंटभर झाला. बाबांचाही. थोड्या वेळानं कुठला कुणाचा ते मला कळेना. वळण आलं, पूल आला, आणि बाबांचे पाय मंदावले. काकू म्हणाली, "चालवा." पूल जवळ आला, भिंतीएवढा झाला, आणि आम्ही पुलावर होतो. चित्र डुगडुगलं, तिरकं झालं. काकांनी सायकल कठड्याला टेकवली होती. आता भिंतीवर नुसता दगडी कठडा, खाली अर्धी नदी आणि पलीकडची उंच झाडं. काहीच हलत नव्हतं. कुठेही न जाता बाबा पाय मारत होते, कारण ते थांबले असते तर सगळंच थांबलं असतं. काकांचं खोकणं ऐकू आलं, मग खाली बसल्याचा आवाज. मग बऱ्याच वेळानं पावलं. हळूहळू येणारी, म्हाताऱ्या माणसाची. कडेला निळ्या एप्रनची किनार आणि शेंगांची टोपली दिसली. एक बाई फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाली, आणि काकांशेजारी बसली.

"कोणीतरी आलं," काकू म्हणाली. "आलं हो कोणीतरी."

"काही नाही, बसलोय जरा," काका त्या बाईला म्हणाले. मराठीत. दम खात खात, पण अगदी आपल्या सोसायटीतल्या आजींशी बोलावं तसं. "माझा मित्र मागून येतोय. त्याच्यासाठी थांबलोय." बाई म्हणाली, "उई, उई," म्हणजे हो, हो. तिनं कुणाला तरी लांब हाक मारली. मग ती गाणं म्हणावं तसं हळू काहीतरी बोलत राहिली, आणि मध्ये मध्ये काका "हो" म्हणत राहिले. आणि मग काकांचा आवाज एकदम स्वच्छ आला, आमच्याच खोलीतून आल्यासारखा.

"रव्या, ये रे लवकर. ऊन चढतंय."

आणि ती जागा आली. उत्तरासाठी सोडलेली. सगळ्या रस्त्याभर काकांनी बाबांसाठी तशी जागा सोडली होती आणि बाबांनी ती कधीही रिकामी जाऊ दिली नव्हती. बाबांनी तोंड उघडलं. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता, पाय भराभर फिरत होते, इतक्या जोरात मी ते कधी पाहिले नव्हते. आईची नखं माझ्या मनगटात रुतली. मला ओरडायचं होतं आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, ना मराठी ना इंग्लिश.

काकू उठली आणि चालत भिंतीपर्यंत गेली. नदी तिच्या कुडत्यावर आली, झाडं तिच्या केसांत. कठड्याच्या खालच्या बाजूला, जिथे काका बसलेले असणार, तिथे तिनं बघितलं आणि दारात उभं राहून नेहमी म्हणत असेल तशा आवाजात म्हणाली, "अहो, भाऊजी येत नाहीयेत. त्यांना घरी काम आहे. तुम्ही व्हा पुढे."

त्या जागेचा वेळ संपत आला होता. नदीचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, "बरं."

ते त्या फ्रेंच बाईला म्हणाले असणार. तिनंच काहीतरी सांगितलं असेल. मी इतक्या वर्षांत तो तुकडा पुन्हा कधी बघितला नाही, त्यामुळे खात्रीनं सांगू शकत नाही, आणि बघणारही नाही. बाबांनी तोंड मिटलं. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळायला लागलं, पहिल्यांदाच. पाय हळू झाले, पण थांबले नाहीत. काकू भिंतीला पाठ लावून खाली बसली, आणि कठडा, नदी, झाडं, शेंगांची टोपली, सगळं आपलं आपण संपेपर्यंत बाबा पाय मारत राहिले.